कोलासुर आणि इतर लहान देव

एकोडी हे भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातले गाव. हा सगळा पट्टा धानाचा आणि तळ्यांचा. गावाला लागून तळे, तळ्याला मातीची पाळ, पाळीखाली धानाच्या बांध्या आणि कडेला कुठेतरी शेंदूर फासलेला एखादा दगड, अशी इकडच्या गावांची ठेवण असते. शिवेजवळ मातामाय, रानाच्या वाटेवर वाघोबा. या देवांना कळस नसतो. पुराणात त्यांचे नाव शोधायला गेले तर सापडत नाही. आपण मुसलमान माणसे या ठिकाणांवरून रोज ये-जा करतो, पण ‘त्यांचे आहे’ म्हणून नजर वळवतो. शिकलेला हिंदू माणूसही फार वेगळे करत नाही. तो ‘अडाण्यांचे आहे’ म्हणून नजर वळवतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की, या लहान देवांकडे एकदा दस्तऐवज म्हणून पाहावे. ते मानावेत की मानू नयेत, हा श्रद्धेचा प्रश्न आहे आणि तौहीद मानणाऱ्याचे त्यावरचे उत्तर ठरलेले आहे. परंतु लोकांनी ते का मानले, हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला कोणाचा ईमान आड येत नाही. ज्यांच्या नशिबी बखर नव्हती, ताम्रपट नव्हता, त्यांनी आपल्या आठवणी कुठे ठेवल्या असतील? पुष्कळदा त्या अशा देवांत ठेवल्या. याचा एक ठळक दाखला आपल्या शेजारीच आहे.

साकोलीच्या दक्षिणपूर्वेला नवेगावबांध आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते गाव तिकडे गेले. त्यापूर्वी ते भंडारा जिल्ह्यातच होते. तिथले तळे आज लोकांना ठाऊक आहे ते पक्ष्यांमुळे आणि १९७५ साली झालेल्या राष्ट्रीय उद्यानामुळे. मारुती चितमपल्ली तिथे वनाधिकारी होते आणि त्यांच्या लिखाणामुळे ते मराठी वाचकांच्या घरात पोचले. परंतु हे तळे निसर्गाने दिलेले नाही, ते माणसांनी बांधले आहे. १९०८ सालच्या भंडारा जिल्ह्याच्या गॅझेटियरात त्याचा घेर १७ मैल दिला आहे आणि ते अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी नावाच्या माणसाने बांधले, असे नोंदवले आहे. पुढे हा कोलू पाटील देव झाला. त्याचे नाव पडले कोलासुर. तळ्याभोवतीच्या डोंगरांपैकी एकावर त्याचे ठाणे आहे. ‘सात बहिणी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या सात डोंगरांनी, म्हणजे त्या सात देवींनी, बांध घालताना त्याला मदत केली अशी समजूत आहे.

कोहळी ही वैनगंगेच्या खोऱ्यातली तळी बांधणारी जात. चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेला गेला असता तिथले पाण्याचे काम पाहून त्याने या लोकांना इकडे आणले, अशी त्यांची परंपरा सांगते. आर. व्ही. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही ती आली आहे. गोंड राजांचे धोरणही तळ्याला अनुकूल होते. जो तळे बांधील त्याला त्या तळ्याखाली भिजेल ती जमीन द्यायची, अशी रीत होती. जमिनीच्या ओढीने तळी झाली, तळ्यांमुळे धान आणि ऊस झाला. ही कामे करणाऱ्यांपाशी दुर्बीण नव्हती, नकाशा नव्हता. डोंगरांच्या दोन सोंडांमधली अरुंद जागा हेरायची, तिथे पाळ घालायची आणि मोठा पसारा अडवायचा, ही नजर मात्र होती. नवेगावला ही नजर किती पक्की होती ते तिथे गेल्यावर दिसते. एवढ्या विस्ताराच्या पाण्याला अडवणारे बांध काही शे यार्डांचे आहेत. उरलेले काम डोंगरांनीच केले आहे. सात बहिणींनी मदत केली, असे लोक म्हणतात ते स्थापत्याच्या दृष्टीनेही खोटे नाही!

आता कोलू पाटलाचा देव का झाला? उपकाराची जाणीव हे एक कारण झाले. पण केवळ उपकार केला म्हणून लोक कोणाला शेंदूर लावत नाहीत; भीतीही लागते. मातीच्या पाळीचे दुखणे ज्याने पाहिले आहे त्याला ही भीती कळेल. खेकड्याचे किंवा उंदराचे एक बीळ, त्यातून पाझर, पाझराची धार आणि एका रात्रीत भगदाड. खालची सगळी शेते वाहून जातात, वर्षाचे धान जाते, प्रसंगी गावही जाते. पाळ बांधणारा मेलेला असतो, पाळ मात्र रोज सांभाळावी लागते. अशा वेळी बांधणाऱ्याला मरू न देणे, त्याला डोंगरावर बसवून तळ्याकडे लक्ष ठेवायला लावणे, ही गावाची गरज होती. वाघोबाचेही तसेच. रानात जाणाऱ्याला वाघाशी काहीतरी करार करून जावे लागते, आणि करार करायचा तर समोर कोणीतरी हवे. रसेलच्या ग्रंथात गोंडांचा दुल्हादेव आला आहे. लग्नाच्या वाटेवर वाघाने मारलेला हा नवरदेव. अकाली गेलेल्या पोरासाठी वाटलेली हळहळ आणि तो सुटून येईल ही धास्ती, या दोहोंतून त्याचा घरदेव झाला.

मोठा देव जग चालवतो. परंतु अमुक गावच्या अमुक पाळीचे बीळ बुजवायला त्याला बोलवायचे कसे, असे माणसाला वाटत असावे. म्हणून लहान देवांना फक्त एकेक काम असते. या बाबतीत रोमन लोकांनी हद्द केली होती. शहराच्या गटाराची क्लोआकिना नावाची देवी होती आणि तिचे ठाणे रोमच्या भर चौकात होते. गव्हावरच्या तांबेऱ्याचा रोबिगुस नावाचा देव होता; २५ एप्रिलला, गहू भरण्याच्या दिवसांत, तांबेरा पडू नये म्हणून त्याला कुत्र्याचा बळी देत. शेताच्या बांधाच्या दगडाचा देव तेर्मिनुस. २३ फेब्रुवारीला दोन्ही बाजूंचे शेतकरी एकाच दगडाला आपापल्या बाजूने हार घालत. बांधावरून भावाभावांचे खून पडलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या देवाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने या सगळ्याची थट्टा केली. एका दाराला माणसांचा एकच दरबान पुरतो, पण रोमनांना फळीला एक, बिजागरीला एक आणि उंबऱ्याला एक असे तीन देव लागतात, असे त्याने लिहिले. थट्टा चांगली आहे. पण ज्याच्या घरी चोरी झाली आहे, त्याने बिजागरीचाही विचार केलेला असतो.

ऑगस्टीनची ही थट्टा वाचताना आपल्याकडचा एक ग्रंथ आठवतो. इ.स. ८२० च्या सुमारास वारलेल्या हिशाम इब्न अल-कल्बीने ‘किताबुल अस्नाम’ लिहून इस्लामपूर्व अरबांच्या बुतांची माहिती गोळा केली. लात, मनात, उज्जा आपल्याला कुराणातून ठाऊक असतात. वद्द, सुवाअ, यगूस, यऊक, नस्र ही नावे सूरह नूहमध्ये येतात. परंतु इब्न अल-कल्बी याहून खालच्या पायरीवर उतरतो. तो सांगतो की, प्रवासी मुक्कामाला उतरला की चार दगड वेचायचा, त्यांतला बरा दिसेल तो देव म्हणून मांडायचा आणि उरलेल्या तिघांची चूल करायचा. निघताना सगळे तिथेच टाकून द्यायचा. जिद्द्याजवळच्या किनाऱ्यावर साद नावाचा एक लांबट खडक होता. एकाने आपले उंट बरकतीसाठी त्या खडकापाशी नेले. खडकावर बळींचे रक्त होते. ते पाहून उंट बुजले आणि चौफेर उधळले. मालकाने दगड उचलून देवालाच हाणला आणि बडबडत उंट गोळा करायला गेला.

या गोष्टी आपल्या मजलिशीत जाहिलियतीची चेष्टा म्हणून सांगतात. मला त्यांत वाळवंटही दिसते. सतत चालणाऱ्या, एकट्या पडणाऱ्या माणसाला एका रात्रीपुरता शेजार हवा होता, आणि त्याच्यापाशी दगडांशिवाय काही नव्हते. इब्न अल-कल्बी स्वतः मुसलमान. बुते मोडली गेली याचे त्याला दुःख नाही. तरीही त्याने ती नावे, ठिकाणे, कबिले काळजीने लिहून ठेवले. आज इस्लामपूर्व अरबांविषयी जे काही कळते, त्यातले पुष्कळसे त्याच्या या काळजीमुळे कळते. दोनशे वर्षांनी अल-बीरूनी हिंदुस्थानावर लिहायला बसला तेव्हा तोही मूर्तिपूजेच्या प्रकरणात एक पाऊल पुढे गेला. सामान्य माणसाला डोळ्यांनी दिसेल असे काही लागते, हे सांगताना त्याने उदाहरण दिले ते मुसलमानाचे. न शिकलेल्या कोणा मुसलमानापुढे पैगंबरांचे किंवा काबेचे चित्र ठेवले तर तो त्याचे चुंबन घेईल, त्यावर गाल घासील, अशा आशयाचे त्याने सुमारे १०३० मध्ये लिहिले आहे. आपल्याकडे गिरडच्या टेकडीवर, शेख फरीदांच्या स्थानी, हिंदू-मुसलमान दोघेही नवस फेडायला जातात. नावाड्यांचा ख्वाजा खिज्र पाण्यावर पहारा देतो. तेव्हा लहान देवांविषयी बोलताना ‘ते’ आणि ‘आपण’ अशी भिंत घालणे इतिहासाच्या अभ्यासकाला परवडत नाही.

रोगांचे देव हा तर स्वतंत्र विषय आहे. रोममध्ये हिवतापाच्या फेब्रिस देवीची तीन ठाणी होती, कारण शहराभोवती दलदल होती. आफ्रिकेतल्या योरुबा लोकांत सोपोना हा देवीच्या रोगाचा देव. ब्रिटिशांनी त्याच्या पूजेवर बंदी घातली. मराठीत तर रोगाचेच नाव ‘देवी’. लस टोचणे म्हणजे ‘देवी काढणे’. हा शब्द आपल्या मोहल्ल्यातही तितकाच चालत असे. माता निघाली म्हटले की बुजुर्ग बायका फोडणी बंद करत, दाराला कडुलिंब लावत, मग घर कोणाचेही असो. भारतातला हा रोग १९७५ मध्ये थांबला, ८ मे १९८० रोजी जगातून तो गेल्याचे जाहीर झाले. देवी गेली तरी मातामाय मात्र गेली नाही. ती इतर दुखण्यांची आणि लग्नकार्याची झाली. काम संपले तरी देवाला सहजी निरोप देता येत नाही. त्याच्याकडे दुसरे काम सोपवले जाते. दामोदर धर्मानंद कोसंबी १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या पुस्तकात दाखवतात की, गाव उठून दुसरीकडे गेले तरी लोक वर्षातून एकदा जुन्या जागी देवीला जातात, आणि त्या वाटेने गेले की उजाड वस्तीचा पत्ता लागतो. महसुली कागदांत नसलेले गाव देवीपाशी सापडते.

जगभरच्या लहान देवांत मला सगळ्यात चटका लावणारा वाटतो तो रोमचाच आयुस लोकूतियुस. नावाचा अर्थ ‘बोलणारा’. परंपरेने इ.स.पू. ३९० हे साल दिले जाते. कायदिकियुस नावाच्या एका सामान्य माणसाला रात्री रस्त्यात आवाज आला की, गॉल येत आहेत, अधिकाऱ्यांना सांग. त्याने जाऊन सांगितले. सांगणारा हलक्या दर्जाचा म्हणून कोणी लक्ष दिले नाही. गॉल आले, रोम जळाले. शत्रू गेल्यावर रोमनांनी त्या आवाजाचे मंदिर बांधले. पुढे सिसेरोने टोमणा मारला की, कोणी ओळखत नव्हते तेव्हा हा देव बोलला, आणि नाव, घर, वेदी मिळाल्यावर गप्प झाला. लिव्ही हा इतिहासकार कायदिकियुसचे नाव देतो, पण मंदिर मिळाले ते आवाजाला. ज्याचे ऐकले नाही त्या माणसाचे काय झाले, ते कोणी लिहिलेले नाही.

त्या मानाने कोलू पाटील भाग्यवान. गोंडांचे राज्य गेले, भोसल्यांचे आले, इंग्रजांचे आले. या तळ्यांचा सारा सगळ्यांनी घेतला, बांधणाऱ्यांची नावे कोणी दरबारात वाचली नाहीत. हजारो तळ्यांपैकी फार थोड्यांच्या कर्त्याचे नाव आज सांगता येते. नवेगावचे सांगता येते, कारण तिथे कर्त्याचा देव झाला. गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबालाही ते नाव मिळाले ते डोंगरावरच्या ठाण्यामुळेच, असे मला वाटते. मात्र पाळीवर घमेली वाहणारे शेकडो हात या देवातही आलेले नाहीत. कोलू हा पाटील होता, हे विसरून चालणार नाही.

भंडारा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. तिथल्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून तळी सरकारजमा झाली. तेव्हापासून त्यांना ‘माजी मालगुजारी’, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, असे नाव पडले. जमीनदारी गेली हे न्याय्यच झाले. पण पाळीवर माती कोणी टाकायची, तुडूम म्हणजे पाणी सोडायचे दार कोणी उघडायचे, आधी कोणाच्या बांधीत पाणी, हे गावात ठरत असे, ते खात्यांच्या कागदांवर गेले. वेठ संपली, ती संपायलाच हवी होती. तिच्या जागी दुसरी व्यवस्था मात्र नीटशी उभी राहिली नाही. गाळ साचला, पोटात अतिक्रमणे झाली, बेशरम नावाची झुडपे माजली. देवाला नारळ फुटत राहिला.

अलीकडच्या काळात अर्जुनी मोरगाव भागात धीवर समाजाच्या मच्छीमार संस्थांनी आणि बायकांनी काही तळ्यांत उतरून ही बेशरम मुळासकट उपटली, तळाची नांगरट केली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांतल्या काही तळ्यांत मासळी वाढली, पाखरेही परत आली.