पांचगणीच्या पाकोळ्या आणि नोंदवही

पांचगणीच्या टेबललँडवर पावसाला आरंभ झाला कीं, ओसरीवरील दिव्याभोंवतीं पतंगांची दाटी होते. मोठ्या पतंगांकडे आपली दृष्टि जाते; परंतु तांदळाच्या दाण्याएवढे जे राखी रंगाचे लहान पतंग, ज्यांना कोणी पाकोळ्या म्हणतात, भिंतीला चिकटून बसतात, ते आपण केर समजून झाडून टाकतों. अशा क्षुद्र जीवांची नोंद ठेवण्यांत कांहीं माणसांनीं आपलीं आयुष्यें वेंचलीं. तीं व्यर्थ गेलीं कीं काय, याचा आज विचार करूं.

मुंबईंत १५ सप्टेंबर १८८३ रोजीं आठ गृहस्थांनीं नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते, आणि कर्नल चार्ल्स स्विन्हो हेही होते. स्विन्होसाहेबांनीं १८८५ सालीं मुंबई व दख्खन येथील फुलपांखरें व पतंग यांवर विस्तृत निबंध लंडनमध्यें प्रसिद्ध केला. पुढें सर जॉर्ज हॅम्पसन यांनीं १८९२ ते १८९६ या काळांत हिंदुस्थानांतील पतंगांवर चार खंड लिहिले. परंतु अगदीं लहान पाकोळ्यांचीं कित्येक कुळें त्या खंडांबाहेरच राहिलीं.

तें राहिलेलें काम एका शाळामास्तरानें अंगावर घेतलें. एडवर्ड मेरिक (१८५४–१९३८) हे इंग्लंडांतील मार्लबरो येथें ग्रीक व लॅटिन शिकवीत. उत्तर कानड्यांतून मॅक्सवेल, कूर्गमधून न्यूकम असे संग्राहक त्यांजकडे नमुने धाडीत. मेरिक ते भिंगाखालीं तपाशीत, आणि त्यांचीं वर्णनें १९०५ पासून मुंबईच्या सोसायटीच्या नियतकालिकांत छापलीं जात. जगांतील चौदा हजारांहून अधिक जातींना त्यांनीं नांवें दिलीं. कित्येक जाती तर एकाच नमुन्यावरून जगाला ठाऊक झाल्या.

याचा उपयोग काय, असें कोणी विचारील. मेरिकांनीं १९१७ सालीं दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत, हुआंकायो येथें सांपडलेल्या एका पाकोळीचें वर्णन छापलें. हिंदुस्थानांत तिची कोणाला पर्वा असणार? परंतु तीच जात २००६ सालीं स्पेनमध्यें शिरली, आणि २०१४ सालीं पुण्याकडे टोमॅटोच्या शेतांत आढळली. शेतकरी तिला टोमॅटोवरील नागअळी म्हणूं लागले. तिची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्यें शिरून आंतील गर खाते व फळही पोखरते. ही कोण, कोठली, हें शास्त्रज्ञांना सांगतां आलें. कारण सत्त्याण्णव वर्षांपूर्वीं तिची नोंद झालेली होती. आणि जात ओळखल्याखेरीज इलाज नाहीं. नराला भुलविणारा कामगंध सापळा त्या त्या जातीपुरता निराळा असतो. एकीचा गंध दुसरीला लागू पडत नाहीं.

यासाठींच नोंदीला स्थळ व तारीख हवी. त्यांवांचून नमुना म्हणजे पत्ता नसलेलें पत्र. एखादी जात खरोखर दुर्मिळ आहे कीं केवळ पाहणारा दुर्मिळ आहे, याचा निवाडा वर्षानुवर्षांच्या नोंदीच करूं शकतात. मात्र येथें घाई उपयोगाची नाहीं. पुष्कळ पाकोळ्या रंगावरून किंवा छायाचित्रावरून ओळखतां येत नाहींत. त्यांच्या पोटाच्या टोंकाचे अवयव सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावे लागतात. म्हणून अनिश्चित नांव ठोकून देण्यापेक्षां नमुना जपून जाणत्याकडे पाठविणें बरें.

पांचगणी हें शाळांचें गांव आहे. पांढरी चादर, एक दिवा व एक वही एवढें साहित्य कोणत्याही शाळेला जड नाहीं. या पाकोळ्यांपैकीं कित्येकींच्या अळ्या एकाच जातीच्या झाडावर पोसल्या जातात. रस्त्यासाठीं वा घरासाठीं उतारावरील तें झाड तोडलें, कीं तिचाही निर्वंश होतो. जिची नोंद आहे तिच्या जाण्याची वार्ता तरी राहते; जिची नोंदच नाहीं, ती होती हेंही पुढील पिढीला कळणार नाहीं. मेरिकांसारखें सामर्थ्य सर्वांना नसतें. परंतु तारीख घालून एक ओळ लिहिणें आपणां सर्वांच्या हातचें आहे.