वारीची वाट आणि पायीची वहाण

पंढरीच्या वारीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पालखीचा रथ, दिंड्यांचा क्रम, रिंगणातील अश्व, मुक्कामांची गावे यांची वर्णने आपण सर्वजण वाचीत आलो आहोत. परंतु ज्या पायांवर ही वारी चालत आली त्या पायांत काय होते, ते कोणी केले आणि ते पायास नीट बसावे म्हणून कोणती काळजी घ्यावी लागे, या प्रश्नाकडे लेखकांचे लक्ष क्वचितच वळलेले दिसते. हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. आणि तो विचारण्याचा पहिला अधिकार, आमच्या समजुतीप्रमाणे, आपल्या चर्मकार समाजाचा आहे.

तुकोबारायांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून पंढरीस नेण्याचा परिपाठ सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीच्या माउलींच्या स्वतंत्र सोहळ्यास शिस्त घालून दिली. ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदी सोडावयाची आणि आषाढ शुद्ध दशमीस पंढरपूर गाठावयाचे. वाट सुमारे २५० किलोमीटरांची. पुण्याहून सासवडास जाताना दिवे घाटाची चढण, मग जेजुरी, वाल्हे, नीरेपलीकडे लोणंद, फलटण, आणि शेवटी माळशिरस-वेळापूरकडील काळी माती. चढ, खडी, ऊन आणि चिखल या चारही परीक्षा एकाच वाटेवर द्यावयाच्या असतात. पालखीत विराजमान असतात त्या पादुकाच! मूर्ती नव्हे, ग्रंथ नव्हे, तर पायीचे चिन्ह डोक्यावर घेऊन लाखो माणसे चालतात, ही गोष्ट आपल्या धंद्यातील माणसास विशेष वाटल्यावाचून राहत नाही.

जुन्या गावगाड्यात चांभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. शेतकऱ्याची मोट दुरुस्त करावी, आसूड वळावेत, घरातील माणसांच्या वहाणा कराव्यात आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर आपल्या वाट्याचे धान्य न्यावे, अशी ती व्यवस्था. तीत मान नव्हता, आणि देणाऱ्याच्या मर्जीवर पुष्कळ अवलंबून असे. तिचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ साली बलुतेदारी बंद केली, ते योग्यच केले. तथापि वहाण करणारा आणि ती घालणारा हे दोघे एकाच गावचे असल्यामुळे एक लाभ होई. कोणाची टाच बाहेरच्या अंगाने झिजते, कोणाची करंगळी तळाबाहेर उतरते, कोणाचा डावा पाय उजव्याहून तसूभर लांब आहे, हे कारागिरास वर्षानुवर्षांच्या दुरुस्तीमुळे तोंडपाठ असे. झिजलेली वहाण हेच त्याचे मापाचे पुस्तक होते.

माप घेण्याचीही एक रीत आहे आणि ती केवळ हौसेची नाही. जाणता कारागीर गिऱ्हाइकास बसवून माप घेत नाही, उभे करून घेतो. कारण अंगाचा भार पडला की पाऊल लांबते आणि पसरते. पाय दोन्ही मापावयाचे, आणि मोठा असेल त्यास धरून चालावयाचे. सकाळी घेतलेले माप दिवसभर चालणाऱ्यास उपयोगी पडत नाही. संध्याकाळपर्यंत पाऊल सुजते, म्हणून दिवस कलल्यावर माप घ्यावे. बोटांपुढे तळाची थोडी जागा सोडावी, नाही तर उतारावर अंगठ्याचे नख ठेचले जाते. टाच मात्र तळाच्या काठावर येता कामा नये.

आपल्या कोल्हापुरीची घडण पाहिली म्हणजे या सर्व अनुभवाचा उलगडा होतो. तळास म्हशीचे जाड कातडे, वरच्या वेणीस शेळीचे मऊ. दोन्ही बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेली. हे कमावण्याचे कष्टाचे काम आपले ढोर समाजाचे बंधू करीत आले, त्यांचा उल्लेख न करता हा इतिहास पुरा होत नाही. शिवण चामड्याच्या वादीची, खिळ्याचे नाव नाही. त्यामुळे तळ झिजला तरी पायात काही रुतत नाही. दोन्ही बाजूंचे कान पाऊल सरकू देत नाहीत, पट्टा ते वरून धरतो आणि अंगठ्याचे कडे पाऊल मागे घसरू देत नाही. हे कडे सैल असले तर बोटांना प्रत्येक पावलागणिक वहाण आवळून धरावी लागते, आणि घट्ट असले तर दुसऱ्याच मुक्कामी फोड येतो. नवी वहाण चावते हे सर्वांस ठाऊक आहे. म्हणून वारीची वहाण निदान महिनाभर आधी करून घ्यावी, तीस एरंडेल पाजावे आणि शेतावर, बाजारास ती घालून जावे. कमावलेले कातडे पावलाचा आकार घेते, पण त्यास तेवढे दिवस द्यावे लागतात.

असे जोड घालून चालणारा वारकरी महाद्वारी पोहोचे आणि पायीची वहाण बाहेर काढून आत जाई. ती करणाऱ्यास मात्र आत जाता येत नसे. तो कितीही निष्ठेने चालत आला असला तरी त्याचे दर्शन नामदेवाच्या पायरीशी, चोखोबांच्या समाधीशीच संपे. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले आणि दहाव्या दिवशी मंदिर सर्वांस खुले करण्याचे मान्य झाले, तोवर ही स्थिती होती. काशीच्या संत रोहिदासांची चाळीस पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आदराने समाविष्ट आहेत. त्याच रोहिदासांच्या धंद्याची माणसे विठ्ठलाच्या दाराबाहेर उभी राहिली, हे आपल्या मुलाबाळांस सांगितलेच पाहिजे.

पुढच्या काळात वाटेवरचे पाय बदलले. मोटारींचे जुने टायर मिळू लागले तेव्हा आपल्याच कारागिरांनी टायरचा तळ आणि चामड्याचा पट्टा यांची वहाण काढली. ती दिसावयास ओबडधोबड, परंतु खडीवर आणि चिखलात तिला तोड नव्हती. येथे आम्ही धंद्याचा अभिमान बाजूस ठेवून सांगतो की, झाडाच्या सालीत कमावलेले कातडे संततधार पावसात टिकत नाही. ते भिजून पसरते आणि निवाऱ्यास सावलीत वाळवावयाचे सोडून चुलीपाशी ठेवले तर तडकते. आषाढातील वारीस रबरी तळाची, मागे पट्टा असलेली सँडल घेणाऱ्यास आम्ही दोष देणार नाही. आमची तक्रार निराळी आहे. आज दुकानात आकडा पाहून वहाण घेतली जाते. आकडा लांबी सांगतो, रुंदी सांगत नाही. शेतकरी माणसाचे अनवाणी वाढलेले पाऊल पुढे रुंद असते, त्याला कारखान्याच्या साच्यातील अरुंद वहाण लोणंदपर्यंतही सुखाने नेत नाही. वारीच्या आदल्या दिवशी नवी जोडी घेऊन निघणारे पाहिले म्हणजे आपल्या वडीलधाऱ्या कारागिरांचे बोलणे आठवते.

कोल्हापुरीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांसाठी. २०२५ साली मिलान येथे एका इटालियन कंपनीने तशीच चप्पल मांडली आणि तिच्या मुळाचा उल्लेख केला नाही. ओरड झाल्यावर तो करावा लागला. घाट जपला गेला ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मानांकन घाटास मिळते, मापास मिळत नाही. उभे करून, दिवस कलल्यावर, दोन्ही पावलांची रेघ ओढून माप घेणारे हात आता आपल्याही घरांत थोडे उरले आहेत. ज्या कुटुंबांत असे वडील अजून रापी धरतात, तेथील तरुणांनी या उन्हाळ्यात त्यांच्याकडून निदान एक जोड मापापासून शिवणीपर्यंत करून घ्यावा आणि जवळ बसून पाहावा. पालखीच्या मुक्कामी वारकऱ्यांच्या तुटल्या वहाणा विनामूल्य शिवून देणारे आपले बंधू दर वर्षी बसतात. त्यांच्या शेजारी तरुणांना जागा निश्चित मिळेल.