काळ्या खाणीतला पांढरा रस्ता

1995चा जानेवारी. मंचिर्याल अजून आदिलाबाद जिल्ह्यातच आहे आणि तुम्ही तिथल्या मंदमर्रीत, सिंगरेणीच्या एका कोळसा खाणीच्या इन्क्लाइनच्या, म्हणजे उतरत्या वाटेच्या, तोंडाशी कुडकुडत उभे आहात. डोक्यावर कॅप लॅम्प, कमरेला बॅटरी. बिडी-काडी वरच काढून घेतली आहे.

उताराला लागलात की थंडी मागे पडते. पण आदिलाबादची ही कोरडी हवाच खाणीच्या मुळावर येते. आत शिरून ती तापते आणि भिंतींचा ओलावा पिऊन टाकते. पावसाळ्यात चिकटून बसलेली कोळशाची भुकटी आता फुंकरीनं उडेल.

आणि तरी रस्ता पांढराशुभ्र! छत, बाजू, पायाखाली, सगळीकडे. जणू पिठाच्या गिरणीत शिरलात. पुढे दोघे जण गोणीतली चुनखडीची भुकटी भिरकावत चाललेत.

“जरा मागं राहा भाऊ, डोळ्यात जाईल,” त्यातला राजुऱ्याकडचा म्हणतो.

डोळे मिटता. उघडता ते इंग्लंडमधल्या ऑल्टॉफ्ट्सला, 1908 मध्ये. जुन्या बॉयलरांची टरफलं जोडून जमिनीवर एक लांबलचक बोगदा केलाय. आत फक्त कोळशाची भुकटी. मिथेनचा मागमूस नाही. खाण अभियंता विल्यम गारफर्थ खूण करतो आणि बोगद्याच्या तोंडातून आगीचा लोळ बाहेर पडतो. दोनच वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये कुर्येरच्या खाणीत 1,099 माणसं गेली होती, तरी गॅसवाचून नुसती भुकटी पेटत नाही म्हणणारे जाणते उरले होतेच. ऑल्टॉफ्ट्सच्याच खाणीत 1886ला स्फोट झाला तेव्हा गारफर्थनं हेरलं होतं, की दगडाची धूळ होती तिथे आग पुढे सरकली नाही. आता तो तीच धूळ बोगद्यात पसरतो. ज्वाळा वाटेतच विझते.

परतताना आजच्या झारखंडातली धोरीची खाण लागते: 28 मे 1965, स्फोटात 268 मृत्यू. तिथे थांबवत नाही.

पुन्हा मंदमर्री. छोटासा स्फोट जरी झाला, तरी त्याचा झोत पुढे धावतो, कोळशाची भुकटी उडवतो. मागून येणारी ज्वाळा तिला गाठते, पुन्हा झोत, पुन्हा भुकटी. या साखळीला भुकटीचा कागदाच्या जाडीचा थरही पुरतो. चुनखडी कोळशासोबतच उडते आणि ज्वाळेची उष्णता शोषून घेते. वर टांगलेल्या फळ्यांवरही तिचेच ढीग आहेत. झोत आला की फळ्या उलटाव्यात म्हणून मुद्दाम सैल ठेवलेल्या. मला मात्र त्या फळ्यांपेक्षा कोपऱ्यातल्या ब्रशवाल्यावर जास्त भरवसा वाटतो. तो तपासणीसाठी छताची, बाजूंची, जमिनीची धूळ वेगवेगळ्या पिशव्यांत झाडून घेतोय. इथल्यासारख्या, जास्त बाष्पशील द्रव्याच्या कोळशाला नियम कडक: धुळीत किमान 85 टक्के न जळणारं हवं.

तेवढ्यात हॉलेजचा दोर ताणला जातो, भरलेले टब खडखडत वर निघतात. काठावरून कोळसा सांडतो आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. गोणीवाले मागे वळतात.