आभाळातली रेषा

जुन्या वस्तूंचे माणसाला विलक्षण वेड असते. किल्ल्यावरची तोफ आपण हात लावून पाहतो. तिने पुन्हा धडाडावे असा हट्ट कोणी धरीत नाही. विमानाचे तसे नाही. त्याचा इतिहास डोळ्यांनी पाहायचा तर ते उडायलाच हवे. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धातील विमाने जिवापाड जपून उडविण्याचे मेळे इंग्लंड-अमेरिकेत भरतात आणि माणसे मुलाबाळांसह तेथे लोटतात.

अशा मेळ्यात अपघात झाला की, ‘म्हातारी विमाने ती, दुसरे काय होणार!’ असे आपण चटकन म्हणून मोकळे होतो. इतिहासाचा मास्तर या नात्याने मला हा निवाडा पटत नाही. वाचकांनी दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

पहिली तारीख ६ सप्टेंबर १९५२. इंग्लंडमधील फार्नबरो येथे डी हॅविलंड ११० हे नवेकोरे जेट विमान वळण घेताना हवेतच तुटले आणि त्याचे अवशेष गर्दीत कोसळले. वैमानिक जॉन डेरी, त्याचा सहकारी टोनी रिचर्ड्स आणि २९ प्रेक्षक प्राणास मुकले. पुढे तेथील नियम कडक झाले. गर्दीपासून किती अंतर राखायचे, गर्दीच्या रोखाने कसे यायचे नाही, हे ठरले. दिवाळीत बाण पेटविण्यापूर्वी घरातले वडील माणूस पोरांना चार पावले मागे सारते, तशातलाच हा प्रकार.

दुसरी तारीख १२ नोव्हेंबर २०२२. स्थळ अमेरिकेतील डॅलस. तीन लढाऊ विमानांचा एक ताफा आणि पाच बाँबफेकी विमानांचा दुसरा. जमिनीवरून खेळाची सूत्रे हलविणाऱ्या अधिकाऱ्याने लढाऊ विमानांना एकापाठोपाठ एक होऊन, बाँबफेक्यांच्या पुढून, प्रेक्षकांपासून ५०० फुटांवरच्या रेषेकडे जाण्यास सांगितले. बाँबफेक्यांना १,००० फुटांची रेषा दिली. ही अंतरे जमिनीवर मोजलेली. कोणी किती उंचीवर राहावे, हे मात्र ना उड्डाणापूर्वी ठरले होते, ना हवेत सांगितले गेले. डावीकडे कललेले तिसरे लढाऊ विमान, पी-६३ किंगकोब्रा, बी-१७ जातीच्या ‘टेक्सस रेडर्स’वर पंखामागे डाव्या बाजूने आदळले. बी-१७ मधील पाच आणि किंगकोब्रातील एक, असे सहा जण गेले. जमिनीवर कोणाला इजा झाली नाही.

‘पण समोरचे एवढे धूड त्याला दिसले कसे नाही?’ असे कोणी विचारील. ताफ्यात मागे उडणाऱ्याचे लक्ष आपल्या पुढच्या विमानाकडे लागलेले असते. त्यात कललेल्या विमानाचे स्वतःचेच अंग नजरेआड येते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीअंती दोष ठेवला तो विमाने एकमेकांपासून दूर ठेवण्याची पुरेशी योजना आधी न आखण्यावर आणि आयत्या वेळच्या सूचनांवर व वैमानिकांच्या नजरेवर भिस्त ठेवण्यावर.

फार्नबरोचे विमान नवे होते, डॅलसची जुनी. तेव्हा वयाला बोल लावण्यात अर्थ नाही. प्रेक्षकांसाठी जमिनीवर रेषा आखली गेली, तशीच वैमानिकांसाठी उंचीची रेषाही उड्डाणापूर्वी, सर्वांना समोर बसवून, आखली गेली पाहिजे. एका ताफ्याने अमुक उंचीच्या खाली यायचे नाही, दुसऱ्याने तमुक उंचीच्या वर जायचे नाही, एवढेच ते वाक्य. ते त्या दिवशी कोणी उच्चारले नाही.