सलाम चुकला, म्हणजे पुढे पोलीस

आमच्या कवठे येमाईच्या बाजूला वेगाची मोजदाद काही पोलिसांनी आणलेली नाही. शिरूर, आंबेगाव, खेड, जुन्नर या पट्ट्यात यात्रा म्हटली की बैलगाडा आलाच, आणि बैलगाडा म्हटला की घाट. हा घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे, तर शर्यतीसाठी राखलेली चढाची धावपट्टी. खाली एक रेघ, वर एक रेघ. निशाण पडतं, घड्याळ सुरू होतं, पुढे घोडी, मागे बैल, आणि काही सेकंदांत बारी संपते. मग लाऊडस्पीकरवरून सेकंद पुकारले जातात, तेही नुसते सेकंद नव्हेत, पुढच्या पॉइंटांसकट. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ही शर्यत बंद केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परत परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा कायम ठेवला. बंदीच्या काळात आमच्याकडची माणसं जुन्या बाऱ्यांचे सेकंद तोंडपाठ सांगत बसायची.

अंतर ठरलेलं, वेळ मोजली, झाला वेग. रस्त्यावरचा पोलीस मुळात ह्यापेक्षा वेगळं काही करत नव्हता. फरक एवढाच, की घाटात आपला आकडा सगळ्या यात्रेला ऐकू जावा असं वाटतं आणि नगर रस्त्यावर तोच आकडा कुणालाही कळू नये असं वाटतं.

हे सगळं डोक्यात आलं ते माझ्या भाच्यामुळे. तो नोकरीला पुण्यात, शनिवारी रात्री गावाकडे निघतो. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, मग मलठणवरून घरी. वर्षभरात मोबाइलवर तीन ई-चलानं आली, तेव्हा त्याने मला गाठलं. मोटारींच्या जुन्या गोष्टी मी वाचत असतो, म्हणून घरचे मला या विषयातला जाणकार समजतात. "मामा, कॅमेरा यायच्या आधी सांगेल असं एखादं डिव्हाइस सुचवा. पण डोळ्यावर येणारं नको. आरशामागे बसलं पाहिजे." (वाहतूक पोलिसालाही आपण मामाच म्हणतो. एका मामाला चुकवायला दुसऱ्या मामाचा सल्ला.)

डोळ्यावर न येण्याची त्याची ही अट मला आवडली, कारण ती शंभर वर्षांहून जुनी आहे.

१८६५ साली इंग्लंडने रस्त्यावरच्या वाफेच्या गाड्यांसाठी कायदा केला. गावाबाहेर ताशी ४ मैल, गावात २, आणि गाडीच्या पुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालत गेला पाहिजे. म्हणजे वेगाची सूचना देणारं पहिलं साधन हे गाडीसाठी नव्हतंच. ते रस्त्यावरच्या माणसांसाठी आणि घोड्यांसाठी होतं. १८९६ साली मर्यादा सैल झाली, १९०३ च्या कायद्याने ती ताशी २० मैल केली, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर. मोटारी त्याहून जोरात पळत होत्याच. मग पोलिसांनी काय केलं? रस्त्याचा एक तुकडा मोजून घेतला आणि स्टॉपवॉच घेऊन कुंपणाच्या झुडपाआड बसले. गाडी पहिल्या खुणेला आली की बटण दाबायचं, दुसऱ्या खुणेला पुन्हा. आपला घाटच, फक्त निशाण नाही आणि लाऊडस्पीकर नाही.

मोटारवाल्यांना ह्याचा फार राग आला. तेव्हा मोटार श्रीमंताघरची, आणि गावचा साधा शिपाई आपल्याला दंड करतो हे त्यांना झेपत नव्हतं. पण रागात थोडं तथ्यही होतं, कारण सापळे बऱ्याचदा सरळ, मोकळ्या, आरामात पळता येणाऱ्या रस्त्यावर लावले जात. १९०५ साली लंडनमध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली ती ह्याच सापळ्यांवर उतारा म्हणून. त्यांनी सायकलीवर पोरं नेमली. पोरं रस्त्याने फिरणार, झुडपात शिपाई दिसला की येणाऱ्या मोटारीला खूण करणार.

प्रकरण कोर्टात गेलं आणि तिथे जो कीस पाडला गेला तो आजही कामाचा आहे. १९०७ साली छापून आलेल्या एका निकालात, बॅस्टेबल विरुद्ध लिटल, न्यायाधीश म्हणाले की खूण करणं हा गुन्हा नाही, कारण ज्यांना खूण केली ते तेव्हा मर्यादा मोडत होते असं सिद्ध झालेलं नाही. पुढे १९१० च्या बेट्स विरुद्ध स्टीव्हन्समध्ये चित्र उलटलं. इथे गाड्या आधीच जोरात होत्या आणि खुणेमुळे त्या ऐन सापळ्यापुरत्या हळू झाल्या. सरन्यायाधीश लॉर्ड अल्व्हरस्टोन यांच्या न्यायालयाने ठरवलं की हा पोलिसांच्या कामात अडथळा आहे. हळू चालवा, असं कुणालाही सांगता येतं. फक्त पुरावा गोळा होईपर्यंत हळू चालवा, असं सांगता येत नाही.

असोसिएशनने यावर काढलेला तोडगा मला अजून थक्क करतो. गाडीवर असोसिएशनचा बिल्ला दिसला की सायकलीवरच्या पोराने सलाम ठोकायचा. रोज, प्रत्येक गाडीला. आणि पुढे सापळा असेल तर? तर सलाम करायचा नाही. सभासदाने समजून घ्यायचं, आज सलाम चुकला, म्हणजे पुढे पोलीस. एखाद्याने सलाम केला नाही म्हणून त्याला कोणतं कोर्ट शिक्षा देणार? ही पद्धत पुढे पन्नासेक वर्षं चालली. ह्याहून डोळ्यावर न येणारं डिव्हाइस मला तरी माहीत नाही.

मधला इतिहास भराभर सांगतो. दुसऱ्या महायुद्धात विमानं शोधायला वाढवलेलं रडार युद्धानंतर अमेरिकेत रस्त्यावर आलं. हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरीची वारंवारता बदलते, हे डॉप्लरने १८४२ साली मांडलेलं तत्त्व पोलिसाच्या हातात आलं आणि स्टॉपवॉच मागे पडलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिथे देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, तेव्हा ट्रकवाल्यांनी सीबी रेडिओवरून एकमेकांना पोलिसांचे ठावठिकाणे सांगायला सुरुवात केली. पोलिसांना त्यांनीही एक टोपणनाव ठेवलं होतं, आपल्या मामासारखंच. रडार हुंगणारी यंत्रं साठीच्या दशकात निघाली होतीच, आता ती धडाधड खपली.

कॅमेऱ्याची गोष्ट आणखी मजेची. माउस गात्सोनिडेस हा डच रॅलीपटू. १९५३ ची माँटे कार्लो रॅली त्याने जिंकली. वळणावर आपण किती वेगाने जातो आणि तो आणखी कसा वाढवता येईल, हे मोजायला त्याने एक यंत्र बनवलं. त्यातूनच पुढे जगभरातल्या पोलिसांनी वापरलेला गात्सो कॅमेरा निघाला. तो अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो काढायचा आणि पडताळ्यासाठी रस्त्यावर पांढऱ्या रेघा मारलेल्या असायच्या. पुन्हा रेघाच! जोरात पळण्यासाठी केलेलं यंत्र जोरात पळणाऱ्यांच्याच मागे लागलं.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. बाजारात दोन जातींची यंत्रं मिळतात. पहिलं रडार डिटेक्टर. त्याचं काम समजायला सोपं आहे. अंधारात बॅटरी घेऊन माणूस येत असेल, तर माणूस दिसण्याआधी उजेड दिसतो. त्या उजेडाने आपलं तोंड त्याला ओळखू येण्याआधी आपण बाजूला होऊ शकतो. सतत चालू असलेल्या रडारपुढे हे जमायचं. पण आपल्या महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांत लेझरची स्पीडगन असते. तिचा झोत अगदी बारीक असतो आणि ती एकेका गाडीवर नेम धरते. म्हणजे बॅटरी पेटते ती थेट तुमच्या डोळ्यांवर. यंत्राने पीप करेपर्यंत आकडा नोंदवून झालेला असतो. शिवाय दुकानांची आपोआप उघडणारी दारं आणि शेजारच्या नव्या गाडीतले सेन्सर ह्यांनाही ते भुंकतं. ह्याच वर्गातला जॅमर घेण्याचा विचारही करू नये. सरकारी परवानगीशिवाय तो बाळगणं हाच गुन्हा आहे.

दुसरी जात जीपीएसवाली. ती काही हुंगत नाही. तिच्या पोटात कॅमेऱ्यांच्या जागांची यादी असते, जवळ आलात की ती बोलते. हे काम गूगल मॅप्स आपल्याकडे २०१९ पासून फोनवर फुकट करतं. आरशामागे लपवायचीही गरज नाही. फ्रान्सने २०१२ साली अशा सूचना देणाऱ्या यंत्रांवर बंदी घातली. जर्मनीत चालकाने ती वापरायची नाहीत आणि स्वित्झर्लंडमध्येही मनाई आहे. आपल्याकडे गंमत उलटी. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नियम आला. त्यानुसार कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक लावायचा आणि गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची. म्हणजे डिव्हाइस जे विकतं ते सरकारने पाटीवर फुकट लिहायचं आहे. ती पाटी कुणाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे जाऊ नये एवढंच. मर्यादेचा आकडा दिसलाच नाही आणि चलान मात्र बरोबर आलं, ही चालकांची तक्रार मला खोटी वाटत नाही. १९०५ च्या इंग्लंडमधलीही हीच तक्रार होती.

पण भाच्याच्या गाडीत बसलो तेव्हा वेगळीच गोष्ट ध्यानात आली. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडच्या प्रत्येक नव्या कारमध्ये वेगाचा इशारा सक्तीचा आहे. ताशी ८० ओलांडले की थांबून थांबून पीप, १२० च्या वर सलग. भाच्याची गाडी २०२१ ची, आणि आम्ही रांजणगावच्या पुढे नव्वदच्या वर असतानाही गाडी गप्प. कटकट होते म्हणून कुठल्याशा गॅरेजात त्याने ती पीप बंद करून घेतली होती. आपण किती जोरात आहोत हे सांगणारं यंत्र गाडीबरोबरच आलं, त्याचं तोंड बांधलं, आणि पोलीस कुठे आहेत हे सांगणारं दुसरं विकत घ्यायला निघाला.

मी त्याला हिशेब मांडून दाखवला. मोकळ्या चाळीस किलोमीटरला ८० च्या वेगाने ३० मिनिटं लागतात, १०० ने २४. वाचली सहा मिनिटं. धडकेतली ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ८० ची १०० झाली की दीडपटीहून जास्त. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या अहवालात २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७१ टक्के मर्यादेपेक्षा जास्त वेगाच्या अपघातांत. तो म्हणाला, "मामा, ते सगळं खरं, पण मी चांगला चालवतो." चांगला चालवतो, हेही खरं आहे.

त्या सायकलीवरच्या पोरांचं पुढे काय झालं ते त्याला सांगायचं राहून गेलं, म्हणून इथे सांगतो. पोलिसांपासून वाचवायला निघालेल्या त्याच असोसिएशनने नंतर इंग्लंडभर पाट्या उभ्या केल्या. पुढे गाव आहे, पुढे अवघड वळण आहे, पुढे शाळा आहे. सरकारने ते काम हातात घेईपर्यंत अशा हजारो पाट्या तिने लावल्या होत्या.

शिरूर सोडून मलठणकडे वळलं की कॅमेरे संपतात. पुढे आमचं कवठे येमाई, लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकरांचं गाव, तमाशाच्या मुलखातलं. हंगामात फडाचे ट्रक रात्रीचेच पळतात. त्याच दिवसांत कारखाने चालू असतात आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. एखादीचं चाक बसलेलं, मागे दिवा नाही, चालक जॅक आणायला गेलेला. ऊस तुटला की बिबट्याही बाहेर पडतो. यातलं काहीच आरशामागच्या यंत्राच्या यादीत नसतं. तिथे समोरून येणारा पिकअपवाला डिप्पर मारतो, दोनदा, आणि हात बाहेर काढून खाली दाबतो. नगर रस्त्यावर ह्या खुणेचा अर्थ मामा उभे आहेत. मलठणच्या पुढे तिचा अर्थ ट्रॉली.