पुसट उमटलेली राणी

व्हिक्टोरिया राणीचे लग्न १८४० सालचे. दागेरची कला जाहीर होऊन तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते. त्या समारंभाचे छायाचित्र नाही. १८५४ मधील फेंटनची छायाचित्रे कित्येक जण लग्नाची म्हणून दाखवितात, ती दरबारी पोशाखातली आहेत. परंतु २५ जानेवारी १८५८ रोजी थोरली राजकन्या वधूवेषात सजली, तेव्हा लग्नाला निघण्यापूर्वी विल्यम्स नावाच्या छायाचित्रकाराने आईबापांसह तिची छबी चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर घेतली. यंत्रापुढे काही क्षण निश्चल राहणे भाग असे. नवरी अवघी सतरा वर्षांची, सासर दूर प्रशियात. राणीला ते साधले नाही; तिचा चेहरा पुसट उमटला. तिच्या साऱ्या भरजरी तैलचित्रांहून मला हीच तसबीर खरी वाटते. आपण थरथरत होतो, हे राणीनेच रोजनिशीत नोंदविले आहे.