चांद्याच्या उल्लेखांचा यंत्रशोध

जुन्या कागदांचें देवनागरी लिप्यंतर संगणकांत सांठवून त्यांतून हवे ते उल्लेख यंत्राकडून काढविण्याचा प्रघात सांप्रत पडत आहे. अशा शोधाच्या बळावर कोणी ‘अमुक संग्रहांत चांद्याचें नांवहि नाहीं’ असें म्हटल्यास, शोध कोणत्या सूत्रानें केला हें आधीं विचारलें पाहिजे. हीं सूत्रें, म्हणजे रेग्युलर एक्सप्रेशनें, जावास्क्रिप्ट या १९९५ सालीं निघालेल्या संगणकभाषेंत कशीं चालतात, एवढेंच येथें पाहूं.

त्यांची उपपत्ति अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांनीं १९५१ सालीं मांडली. परंतु संस्कृतज्ञांस ही रीति परकी वाटूं नये. पाणिनि आद्यवर्ण व अंत्य इत् उच्चारून मधले सर्व वर्ण घेतो, तद्वत् [०-९] असें लिहिलें कीं दहाहि अंक आले. /शके *([०-९]+)/ या सूत्रांतील तारका मधली जागा असो वा नसो असें सांगते, अधिकचिन्ह एक वा अनेक अंक घेतें आणि कंसामुळें वर्ष तेवढें वेगळें हातीं येतें. मात्र अंकांकरितां या भाषेंत जें तयार संक्षिप्त चिन्ह आहे, तें केवळ इंग्रजी अंक जाणतें. तें वापरणाऱ्यास सबंध दप्तर कालनिर्देशरहित दिसेल!

स्थलनामाचें प्रकरण याहून नाजूक. नुसतें ‘चांदा’ शोधणारा बहुतेक विभक्तिरूपांस मुकतो. /(चां|चान्)(दा|दे|द्या)/ या सूत्रानें चान्दा, चांद्यास, चांद्याहून हीं सर्व सांपडतात. नाशिककडील चांदवड, चांदोर, तसेंच चांदबीबी व चांदी टळतात. ‘चांद्यापासून बांद्यापर्यंत’ हा वाक्प्रचार मात्र येणारच. तो हातानें वगळावा. गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं वेगळा झाला. तेव्हां भोंसलेकालीन कागदांत त्या भागासाठीं वैरागड, मार्कंडा हीं नांवें शोधावींत.

चांदा भोंसल्यांच्या हातीं १७५१ सालीं आला. तें वर्ष एका कागदांत ‘शके १६७३’ असेल, तर दुसऱ्यांत ‘इसन्ने खमसैन मया व अलफ’ असें अक्षरीं सुहूर सन असेल. दुसऱ्यांत अंकच नसल्यामुळें वरील सूत्र तेथें मुकें राहतें. त्याकरितां /(इसन्ने|इसने) +खमसैन/ असें निराळें सूत्र हवें. लेखकपरत्वें अरबी संख्यावाचकांचीं रूपें बदलतात, म्हणून प्रत्येक दप्तरांतील दहापांच कागद डोळ्यांनीं वाचूनच तें रचावें. मोडी अंकांस युनिकोडांत २०१४ सालीं स्वतंत्र स्थान मिळालें. लिप्यंतर मोडींतच केलें असल्यास [०-९] हेंहि त्यांस लागू पडत नाहीं.